फक्त नेसून पाहिली

हेमांगी चौधरीच्या घरात पाऊल टाकलं की लग्नघरात आल्यासारखं वाटायचं. हळद, अत्तर, गजऱ्यातला सुकलेला मोगरा, मधूनच केटररच्या पनीरच्या भाजीचा वास. लग्न मात्र तिथे कोणाचंच नसायचं. हे सगळे वास नाशिकच्या, पुण्याच्या, नागपूरच्या अनोळखी लग्नांतून कुरियरने तळोद्याला यायचे, तिनेच विकलेल्या साड्यांच्या घड्यांमधून.

मी तिच्या समोरच्या घरात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली, तरी गल्लीत सगळे मला 'बाई'च म्हणतात. दुपारचा चहा हेमांगीकडे घ्यायचा आणि तिची सुई बघत बसायचं हा माझा उद्योग. त्यामुळे तिच्या धंद्याची जी काही वरात निघाली, ती मी पहिल्या रांगेतून पाहिली.

हेमांगी मूळची विसरवाडीची. हायवेला लागून, बस थांबते त्याच्या समोर तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान. सुरतेहून येणारे ट्रक तिथे चहापाण्याला थांबायचे. त्यामुळे पोरीला लहानपणीच दोन विद्या आल्या: नुसतं बोटांत धरून कापडात किती पॉलिस्टर आहे ते सांगणं, आणि गुजरातीत घासाघीस करणं. लग्न होऊन ती तळोद्याला आली. नवरा नवनीत इथल्या एका खासगी संस्थेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. माणूस सज्जन, आणि संस्थेतल्या शिक्षकाने जेवढं घाबरून असावं त्याहून थोडा जास्तच घाबरून असलेला.

लग्नानंतर तिने नंदुरबारला क्लास लावून आरी वर्क शिकून घेतलं. लाकडी चौकटीवर कापड ताणायचं आणि टोकाला आकडा असलेल्या सुईने खालचा दोरा वर ओढत टाके भरायचे, असं ते काम. क्लासमधल्या सगळ्याजणी मोर नाहीतर कोयऱ्या काढत. हेमांगीने मोहाची फुलं काढली. सातपुड्याच्या पायथ्याशी राहून मोर कशाला, असं तिचं म्हणणं. सुरतेची कोरी सिल्कची साडी आणायची आणि पदरावर पिवळट पांढऱ्या दोऱ्याने मोहाच्या फुलांचे घोस भरायचे. असं डिझाइन दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. असतं तर तिने ते शंभर पावलांवरून ओळखलं असतं.

आधी ती घरूनच विकायची. पण गावातल्या गिऱ्हाइकाला साडी दाखवायची म्हणजे आख्खी दुपार जायची. बाया यायच्या, चहा प्यायच्या, साडी खांद्यावर टाकून आरशात बघायच्या, तिच्या सासूच्या गुडघ्यांची चौकशी करायच्या आणि "उद्या येते" म्हणून निघून जायच्या. शेवटी कंटाळून तिने एका मोठ्या ऑनलाइन बाजारात आपलं दुकान मांडलं.

"बाई, आते कसं ब्येस शे," ती मला म्हणाली. "गिऱ्हाईकनं तोंड देखनं नही, चहा करना नही. तठे पसंत पडनी का अठेन पार्सल."

तोंड न बघण्याचं हे सुख तिला फार लाभलं नाही.

पहिली साडी परत आली ती नाशिकहून. परत करण्याचं कारण दिलं होतं, 'रंग फोटोपेक्षा वेगळा'. ते अगदी खरं होतं. हेमांगीने पाठवली तेव्हा साडी नुसती जांभळी होती. आता निऱ्यांवर हळदीची बोटं होती, पदराला मेंदीचा आख्खा पंजा लागला होता आणि घडी उलगडली तेव्हा आतून अक्षता सांडल्या. हेमांगीला हसूच आलं. "काही म्हना बाई, लगीन तं लागी गयं," ती म्हणाली आणि अक्षता गोळा करून चिमण्यांना टाकल्या.

दुसऱ्या एका साडीबरोबर गिऱ्हाइकाने स्वतः टाइप केलेला खुलासा आला: 'वापरली नाही, फक्त नेसून पाहिली.' नेसून पाहता पाहता बहुधा वरातही निघाली असावी, कारण काठाला खाली सगळीकडे चिखल होता आणि सेफ्टीपिनांची भोकं खांद्यापासून कमरेपर्यंत मोजून घ्यावीत.

तरी ह्या निदान साड्या होत्या. पुढे पुढे डब्यातून काहीही यायला लागलं. जुना परकर. उशीचा अभ्रा. एकदा छान चौकोनी घडी घातलेली चादर, आणि तिच्यात एक वीट, कारण नुसत्या चादरीचं वजन साडीएवढं भरलं नसतं. फसवणाऱ्यानेसुद्धा घरी काटा मांडून मेहनत घेतली होती.

ही पार्सलं आणून द्यायचा भिला. वरच्या डोंगरातल्या एका पाड्यावरचा, चाळिशी उलटलेला, मितभाषी माणूस. मोटरसायकलला दोन्ही बाजूंना पोती लटकवून तो तळोदा आणि वरची गावं पालथी घालायचा. दारात आला की एकच वाक्य बोलायचा.

"ताई, परतवाली आली. ओटीपी सांग."

"थांब ना भाऊ, आधी उघडून बघते. आत काय आहे कोण जाणे."

"बघून घ्यायचं बटण माझ्या मोबाईलमध्ये नाही," भिला म्हणायचा. "घेतलं नाहीतर नाही घेतलं, एवढंच."

घेतलं नाही तर ते पार्सल कुठल्यातरी गोदामात जाऊन कायमचं हरवायचं, म्हणून हेमांगी मुकाट्याने आकडे सांगायची आणि दुसऱ्याचा परकर घरात घ्यायची.

तक्रार करायची सोय होती. पण तक्रारीला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे पार्सल उघडतानाचा व्हिडिओ, मध्ये कुठेही न तुटलेला. मोबाईल धरायचं काम माझ्याकडे आलं. हेमांगी केस नीट करून चौकटीसमोर बसायची आणि गल्लीत कधीही न बोललेल्या शुद्ध मराठीत सुरू करायची, "नमस्कार. हे पार्सल मला आत्ताच प्राप्त झालेलं आहे. ह्याचं वेष्टन आपण पाहू शकता." मग कात्री, मग चिकटपट्टीची चरचर, मग परकर. परकर निघाल्यावर तिला दोन्ही हातांनी तो कॅमेऱ्यासमोर धरावा लागायचा, वरून, खालून, नाडीसकट.

पहिली तक्रार फेटाळली, कारण व्हिडिओत सुरुवातीला पत्त्याची चिठ्ठी स्पष्ट दिसत नव्हती. दुसरी फेटाळली, कारण चिठ्ठी दिसत होती पण माझा हात हलला होता. मी वयाने मोठी, हात हलणारच. तिसऱ्या वेळी आम्ही मोबाईल लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला. चिठ्ठी दिसली, हात हलला नाही, परकर नाडीसकट आला. त्याला जे उत्तर आलं ते हेमांगीने मला मोठ्याने वाचून दाखवलं. परत आलेली वस्तू आपल्या दुकानातील कोणत्याही वस्तूशी जुळत नाही, त्यामुळे ह्या वस्तूबाबत आपली तक्रार विचारात घेता येत नाही.

"तेच तं मी सांगी ऱ्हायनू ना!" हेमांगी मोबाईलला म्हणाली.

मग तिने फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड होती. "मॅडम, तुमच्या भावना मी समजू शकते," ती म्हणाली. हेमांगीने विचारलं, "भावना राहू द्या, माझी साडी कुठे आहे?" मुलगी म्हणाली, "मॅडम, नोंदीनुसार साडी तुम्हाला परत मिळालेली आहे. आणखी काही मदत करू का?" आणि शेवटी तिने ह्या संभाषणाला पाच तारे द्यायची विनंती केली. हेमांगीने दिले. त्या पोरीचा काय दोष, म्हणाली.

उपाय शेवटी तिने स्वतःच शोधला. नंदुरबारहून तिने लाल रंगाचे भले मोठे टॅग छापून आणले: 'हा टॅग काढल्यास साडी परत घेतली जाणार नाही'. तो टॅग ती पदरावर, अगदी दर्शनी भागात टाके घालून शिवायची. एवढा मोठा, की तो लावून लग्नात जाणारी बाई दुकानातली बाहुली वाटावी. टॅग कापला की साडी घरची झाली आणि नाही कापला तर नेसता येत नाही. नवनीत सरांनाही ह्यातलं विज्ञान पटलं. खरंच, परत येणाऱ्या साड्या कमी झाल्या. घरातला मोगरा ओसरला.

त्याच उन्हाळ्यात धानोऱ्याला लग्न होतं. नवनीतच्या शाळेतल्या क्लार्कची मुलगी काजल, माझी जुनी विद्यार्थिनी, म्हणून मलाही आग्रहाचं बोलावणं होतं. आम्ही तिघं जीपने गेलो. मांडवात पंखे गरम हवा इकडून तिकडे फिरवत होते. जेवणाच्या बाजूने वरण-बट्टीचा आणि वांग्याच्या भाजीचा वास येत होता.

थोड्या वेळाने फुलवंताबाई आल्या. त्यांना सगळे अक्का म्हणतात. नवनीतच्या संस्थेचे अध्यक्ष उमाकांतभाऊ ह्यांची ही पत्नी. शिक्षकांच्या बदल्या कागदावर भाऊ करतात, पण त्या ठरतात अक्कांच्या ओट्यावर, असं संस्थेत सगळेच मानतात. अक्का मांडवात शिरल्या तशा बाया उठून उभ्या राहिल्या, आणि हेमांगीच्या हातातला सरबताचा ग्लास तोंडाजवळ जाऊन थांबला.

अक्कांच्या अंगावर जांभळी साडी होती. पदरावर मोहाची फुलं.

"बाई," ती माझ्या कानात म्हणाली, "खांद्यावर बघा."

अक्कांचा डावा खांदा उजव्यापेक्षा फुगलेला होता. पदराच्या चुण्या तिथे अवघडून बसल्या होत्या आणि त्यांच्यावर डब्याच्या झाकणाएवढा ब्रोच लावला होता. ब्रोचच्या खालून, नीट पाहिलं तरच, लाल कागदाचा एक कोपरा डोकावत होता.

अक्का त्या दिवशी फार रुबाबदार दिसल्या असं नंतर सगळ्यांनी म्हटलं. त्या मान ताठ ठेवून चालत होत्या, कोणाच्या गळ्यात पडत नव्हत्या, खुर्चीवर आधी टॉवेल अंथरून मगच बसत होत्या. लोकांना वाटलं, मोठ्या माणसांची रीत. कुणीतरी विचारलं, "अक्का, साडी कठेनी व?"

"मुंबईथीन मागाडी," अक्का म्हणाल्या. "काम देख ना, कितलं बारीक शे! असं काम आपलाकडे कोन्ही करस का?"

दहाजणींनी पदर हातात घेऊन पाहिला. दहाजणी "नही व माय" म्हणाल्या. हेमांगी शेजारीच उभी होती. तिचा चेहरा मी आजपर्यंत विसरले नाही. चोर सापडल्याचा राग आणि परीक्षेत पहिला नंबर आल्याचा आनंद एकाच तोंडावर मावत नव्हता.

खरा प्रसंग पुढेच होता. पंगत बसली. अक्कांच्या एका बाजूला हेमांगी, दुसऱ्या बाजूला मी. बट्टीवर तूप घालायला वाढपी भांडं हलवत, सांडत येत होता. मला वाटलं आता बघायला मजा येईल. पण तूप अक्कांच्या दोन ताटं अलीकडे आलं आणि हेमांगी ताडकन उभी राहिली.

"ओ भाऊ, तठेच थांब! अक्कासना अंगवर सांडशी!"

तिने स्वतःच्या हाताने अक्कांच्या बट्टीवर चमच्याने तूप घातलं. वांग्याच्या भाजीचा तेलकट रस्सा आला तेव्हा आपला रुमाल अक्कांच्या मांडीवर पसरला. आइस्क्रीमचं पोर धावत आलं त्याला दंडाला धरून वळवलं. एक म्हातारी अत्तराची कुपी घेऊन आली, तर "अक्कासले शिंका येतस" असं सांगून तिला माझ्याकडे पिटाळलं. हळदी-कुंकवाच्या वेळी तर ती अक्का आणि हळदीचा करंडा ह्यांच्या मधोमध अशी उभी राहिली की जणू अक्का तिची लेक आणि आज तिचंच लग्न. साडी तिची होती. ती परत येणार होती. मग जितकी स्वच्छ येईल तितकी बरी. ज्या बाईने हेमांगीला फसवायला घेतलं होतं, तिच्या अंगावरची साडी सांभाळायला हेमांगीइतका जिवाचा आटापिटा करणारं माणूस आख्ख्या मांडवात दुसरं नव्हतं.

अक्का भारावून गेल्या. निघताना त्यांनी नवनीतला हाक मारली. "सर, तुमनी बायको मोठी गुणी शे. इतली काळजी मन्ही सून बी नही लेस."

नवनीतला आकाश ठेंगणं झालं. परतताना जीपमध्ये तो सारखं तेच बोलत होता. शेवटी हेमांगीने त्याला साडीचं सांगितलं. त्याने आधी ड्रायव्हरकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "तू काही बोलली नाहीस ना?"

"नाही."

"मग बरं झालं," तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर पाहायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडी परत करायची मागणी आली. मागवणाऱ्याचं नाव निशा, पत्ता नंदुरबारचा. अक्कांची सून नंदुरबारला राहते आणि तिचं नाव निशा, हे आता कुठे जुळलं. ह्यात नवल काही नव्हतं. पण खाली कारण होतं: 'काम हलक्या दर्जाचं'.

हेमांगीने मोबाईल पालथा ठेवला. मी आजवर तिला परकर हातात धरून हसताना पाहिलं होतं. आज ती हसली नाही.

"हळद लायीसन धाडी ऱ्हाती तरी चालतं, बाई," ती म्हणाली. "पण काल दहा बायासना मोऱ्हे म्हने असं काम कोन्ही करत नही. आनि आज हलकं."

त्या दिवशी तिने काम केलं नाही. दुसऱ्या दिवशी चौकटीवर त्याच जांभळ्या कापडाचा उरलेला तुकडा ताणला आणि एक बटवा करायला घेतला. त्यावर मोहाच्या फुलांचा एकच घोस, पण असा भरला की हात लावला तर चिकटेल. नवनीतने तीनदा विचारलं हे काय चाललंय, आणि कळल्यावर म्हणाला, "जाऊ नको. मला वरच्या डोंगरातल्या शाखेवर टाकतील."

"टाकू द्या. तिकडे मोह तरी बघायला मिळेल," हेमांगी म्हणाली, आणि मला सोबत घेऊन निघाली.

अक्कांच्या घरी आम्ही दिवाणखान्यात गेलो तेव्हा सून निशा नंदुरबारहून आलेलीच होती. टेबलावर इस्त्री तापलेली होती. जांभळी साडी मूळच्या घडीत बसवलेली होती आणि निशा, जीभ दातांत धरून, त्या लाल टॅगच्या सुरकुत्यांवर इस्त्री फिरवत होती. आम्हाला पाहून तिने इस्त्री उचलली, पण ठेवायची कुठे ते तिला सुचेना.

"ये व हेमांगी, बठ," अक्का आतून आल्या. "परवा तुन्ही मोठी मदत व्हयनी."

हेमांगीने बटवा पुढे केला. "अक्का, तुम्हीन जी साडी नेसेल व्हती ना, ती मन्हा हातनी शे. तेना जोडीले हाऊ बटवा करी लई उनू."

अक्कांनी बटवा घेतला, साडीकडे पाहिलं, पुन्हा बटव्याकडे पाहिलं. फूल तेच होतं.

"तुन्हा हातनी? ती तं कंपनीनी शे ना?"

"कंपनी म्हणजे मीच, अक्का."

मला वाटलं अक्का आता खाली बघतील. अक्कांनी खाली नाही बघितलं. उलट त्यांचा चेहरा दुखावल्यासारखा झाला.

"मंग आधी नही का सांगनं व! मले वाटनं कंपनीनी शे. कंपनीले काय, त्यासना गोडाउन भरेल ऱ्हातस. आपला माणसनं नुकसान आपण करसूत का? इतला वरीसनी वळख, आनि तू मले चोर ठरावत व्हतीस?" मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "निशा, ते परतनं रद्द कर. आनि ते 'हलकं' कोन्ही लिखं? पुसी टाक."

"यादीत दुसरं कारणच नव्हतं, मम्मी," निशा पुटपुटली. "'रंग वेगळा' मागच्या वेळी दिलं होतं."

अक्कांनी ते ऐकलं नाही असं केलं. त्यांनी कात्री मागवली आणि उद्घाटनाची फीत कापावी तशी, आमच्या सर्वांच्या साक्षीने टॅगचे टाके कापले. चहा झाला. हेमांगी जिंकून घरी आली. निदान आम्हाला तसं वाटलं.

अक्का कोणतीही गोष्ट अर्धवट करत नाहीत. त्यांनी संस्थेच्या सगळ्या बायकांना कळवलं की ऑनलाइनवरची ती प्रसिद्ध साडी आपल्याच नवनीत सरांच्या घरी बनते, आणि आता बाहेरून मागवायची गरज नाही. पुढच्या लग्नसराईत बाया यायला लागल्या. मुख्याध्यापकांची बायको, सुपरवायझरची बहीण, क्लार्कची मेहुणी. त्या विकत घ्यायला आल्या नव्हत्या.

"एकच दिवस दे ना व. अक्का म्हनेत, घरनीच शे."

कंपनीला फसवायला निदान डबा भरावा लागत होता, कारण शोधावं लागत होतं, भिलाची वाट बघावी लागत होती. घरच्या माणसाकडून न्यायला ह्यातलं काहीच लागत नव्हतं. साड्या जायच्या आणि परत यायच्या, आणि देताना बाया कौतुकाने सांगायच्या, "धुई नही, तुले आपली रीत माहीत." हेमांगी नाही म्हणू शकत नव्हती. प्रत्येकीच्या मागे नवनीतची एकेक बदली उभी होती.

एका सकाळी मी दार उघडलं तर समोरच्या दारावर पाटी लागलेली. 'लग्नासाठी साड्या भाड्याने मिळतील.' मी पाटीकडे बघत उभी राहिले. हेमांगी आतूनच म्हणाली, "बाई, गिऱ्हाईक इतले वरीस एकच गोष्ट सांगी ऱ्हायनं व्हतं का तेले साडी एकच दिन पाहिजे. ऐकत मीच नव्हतू."

नवनीत आठ दिवस अक्कांच्या घरावरून जायचं टाळत होता. पण भाड्याने साडी न्यायला पहिल्या आल्या त्या अक्काच. भाडं पुरेपूर मोजून दिलं आणि म्हणाल्या, "चांगलं करं. लोके भलते फुकटे व्हई गयात."

धंदा चालला. ऑनलाइन दुकान तिने बंद केलं. पण एक नवीनच त्रास सुरू झाला, आणि तो तिच्या स्वप्नातही आला नव्हता. भाड्याच्या साड्या परत येईनात. फोन यायचे: "ताई, सगळ्यांना फारच आवडली. ठेवूनच घेऊ का? किंमत काय ती सांगा." विकत घ्या म्हटलं तेव्हा ज्या साड्या हळदीसकट परत यायच्या, त्याच आता परत मागितल्या तर लोकांना सोडवत नव्हत्या. हेमांगी सांगून सांगून थकली की ही विकायची नाही. जेवढं ती नाही म्हणे तेवढी साडी लोकांना भारी वाटे. शेवटी तिने अनामत रक्कम घ्यायला सुरुवात केली.

ठरल्या दिवशी, न बोलावता साडी परत आणून देणारी एकच बाई मी पाहिली. रमिलाबाई. वरच्या डोंगरातली, भिलाच्या पाड्याच्या पलीकडची. लेक मयूरीच्या लग्नाला तिने एक जांभळी साडी नेली होती. बाजाराच्या दिवशी ती जीपने खाली उतरली आणि डोक्यावरचं गाठोडं सोडून साडी हेमांगीच्या हातात ठेवली.

साडी ओलसर होती. नदीचा वास येत होता. हेमांगीने घडी उलगडली आणि तिचा चेहरा उतरला. सिल्क आक्रसलं होतं, आणि जांभळा रंग उतरून फुलांमध्ये शिरला होता. पिवळट पांढरा मोह आता फिका, धुरकट जांभळा झाला होता.

"धुतली?" हेमांगीने विचारलं.

"मग?" रमिलाबाई म्हणाली. "अंगावरचं कापड तसंच कसं द्यायचं? दोनदा साबण लावला. दगडावर आपटली नाही, हातानेच चोळली." मग तिने हात पुढे केला. "धुण्याचं मी काही मागत नाही. पण अनामत सगळी दे."

मी हेमांगीकडे पाहिलं. आता ही काय बोलते? तिचे ओठ हलले, मग खांदे हलायला लागले, आणि ती खो खो हसत खाली बसली. रमिलाबाई जराही हसली नाही. ती हात पुढे करून उभीच राहिली. हेमांगीने डोळे पुसत सगळी अनामत दिली, चहा केला, मयूरीच्या सासरची चौकशी केली.

ती साडी भाड्याने द्यायच्या लायकीची राहिली नव्हती, म्हणून हेमांगी स्वतःच ती नेसली आणि दोरे आणायला नंदुरबारला गेली. दुकानात दोघींनी अडवलं. हा फुलांचा रंग कुठला? असा आम्हाला मिळेल का? तिने घरी येऊन दोरे रंगवून पाहिले, बाजारातले सगळे जांभळे आणून पाहिले. तो रंग काही साधेना. शेवटी तिने चार कोऱ्या जांभळ्या साड्यांवर पिवळट पांढरी फुलं भरली आणि भिलाबरोबर वर निरोप पाठवला की रमिलाबाईला म्हणावं, ह्या मागच्यासारख्याच धुऊन दे, जे मागशील ते देते.

भिला पुढच्या फेरीला साड्यांचं गाठोडं तसंच घेऊन परत आला.

"ताई, परतवाली आली," तो म्हणाला.

"का? काय म्हणाली?"

भिलाने गाठोडं ओट्यावर ठेवलं. "म्हणाली, मी लोकांचे कपडे धूत नाही."